कात्रजचे सर्प आणि वैशाखाचें ऊन

चैत्र सरतां सरतां आमच्या सदाशिव पेठेंतील वाड्यांत एक अनाहूत पाहुणा आला, आणि त्याच्यापायीं आम्हांस उतारवयांत, भर उन्हाळ्यांत कात्रजची वाट धरावी लागली.

झालें असें कीं, आमच्या धाकट्या नातवानें मागल्या पडवींत सांपडलेली एक लहानशी धामण कांचेच्या पेटींत घालून, कोणासहि न सांगतां, माळ्यावर ठेविली. तिसऱ्या दिवशीं दुपारीं तो रडत खालीं आला. वर पत्रा, पेटी तव्यासारखी तापलेली, आणि धामण तोंड वासून निपचित पडलेली. सुना भयानें अंगणांत धांवल्या. पण त्याच्या आजीनें पेटी माजघराच्या गार फरशीवर आणविली व भोंवतीं ओला पंचा गुंडाळविला. दिवेलागणीस धामणीनें मान उचलली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें असे साप घरीं बाळगतां येत नाहींत. म्हणून दुसऱ्या दिवशीं आम्हीं वनखात्यास कळविलें व त्यांचीं माणसें तिला घेऊन गेलीं. नातू मात्र जेवेना. तेव्हां त्यास घेऊन आम्ही स्वारगेटहून सातारा रस्त्यानें निघालों.

नानासाहेब पेशव्यांच्या काळीं ज्या कात्रजच्या तळ्याचें पाणी नळांनीं पुण्यांत खेळविलें, त्याच परिसरांत आज राजीव गांधी प्राणिसंग्रहालय आहे. १९८० सालीं ७२ विषारी सापांच्या सहवासांत ७२ तास राहिलेले श्री. नीलिमकुमार खैरे यांच्या खटपटीनें १९८६ मध्यें येथें सर्पोद्यान उभें राहिलें. १९५३ सालीं स्थापिलेल्या पेशवे पार्कांतील प्राणीहि पुढें येथेंच आले.

तेथील एका सेवकास आम्हीं आमची हकीकत सांगितली. तो म्हणाला, "गुरुजी, साप थंडीपेक्षां उन्हानें लवकर मरतो." त्याचें म्हणणें यथार्थ आहे. सापास घाम येत नाहीं. भोंवतालच्या उष्णतेबरोबर त्याचें रक्त तापतें. तिशीच्या आसपासचें उष्णमान त्यास सुखाचें; चाळिशीकडे गेलें कीं प्राणावर बेततें. रानांत तो बिळांत, वारुळांत वा दगडाखालीं शिरतो. पेटींत त्यास पळावयास जागाच नसते. आणि पुण्याचें ऊन तें केवढें! २८ एप्रिल २०१९ रोजीं शिवाजीनगरास उष्णमान ४३ अंशांवर गेलें होतें. कांचेवर ऊन पडलें तर आंतील हवा त्याहूनहि तापते.

यास्तव सापाच्या खोलीचा एक कोपरा सदा सांवलीचा व गार हवा. तेथें पालथें मडकें, ज्यांत वेटोळें मावेल असें पाण्याचें पसरट भांडें, आणि वरून हवा खेळती. ओल्या पोत्याचा गारवा कोरड्या वैशाखांत उत्तम लाभतो, कारण पाणी आटतांना उष्णता ओढून घेतें; पावसाळी दमट हवेंत तो उपाय फिका पडतो, आणि नित्य ओलाव्यानें तर सापाच्या कातडीस रोग होतो. बर्फ मात्र कदापि घालूं नये. एकाएकीं आलेली थंडीहि त्यास सोसत नाहीं.

परततांना आम्हांस ऋतुसंहार आठवलें. त्यांत उन्हानें पोळलेला सर्प, वैर विसरून, मोराच्याच सांवलींत विसावतो. कित्येक वर्षें आम्हीं तें वर्गांत कविकल्पना म्हणून शिकविलें होतें.

बसमध्यें नातवानें हळूच विचारलें, "आजोबा, आणखी एक दुपार गेली असती तर ती मेली असती ना?"

चाळीस वर्षें मुलांस खरें बोलावयास शिकविल्यावर आम्हांस निराळें उत्तर देतां येईना. "होय बाळ, मेली असती."

तो खिडकीबाहेर पाहत राहिला. घरीं आल्यावर त्यानें रिकामी कांचेची पेटी स्वतः धुतली व आजीच्या हवालीं केली. आणि परसांत पारिजातकाखालीं मातीचें पसरट परळ पाण्यानें भरून ठेविलें. तें आतां रोज सकाळीं तोच भरतो.