पैसे देऊन येणारा पाहुणा आणि घरची गादी

आपल्याकडे पाहुणा आला की पेटीतली सर्वांत चांगली गोधडी बाहेर निघते. त्याच्या पोराने रात्री ती भिजवली तरी घरची बाई "असू द्या हो, लेकरू आहे" म्हणते आणि सकाळी गोधडी दांडीवर वाळत पडते. तिथे हिशेब नसतो. पण गेल्या पंधरा-वीस वर्षांत आपल्या वाडीवस्तीवर दुसऱ्या तऱ्हेचा पाहुणा येऊ लागला आहे. हा शुक्रवारी रात्री गाडीतून उतरतो, दोन दिवस हुरडा, पिठलं-भाकरी खातो, मुलांना गोठा दाखवतो आणि जाताना पैसे मोजून जातो. राज्य सरकारने २०२० साली कृषी पर्यटनाचे धोरण मंजूर केल्यापासून असे पाहुणे ठेवणाऱ्या शेतकऱ्यांची नोंदणीही होऊ लागली. आमच्या भागात येणाऱ्यांना गाव विचारावे, तर उत्तरे ठरलेली: अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर.

गावच्या बैठकीत मी खतांच्या मात्रा सांगत असताना मागच्या रांगेतली एक बाई उठली आणि म्हणाली, "साहेब, पाव्हण्यानं गादी नासवली तर पैसं मागायचं का? आन् मागायचं तर कसं? तोंड उघडत न्हाई." सगळ्या हसल्या. पण हसण्यासारखे त्यात काही नव्हते. एका खोलीचे दोन रात्रींचे भाडे आणि एका नव्या कापसाच्या गादीची किंमत शेजारी-शेजारी मांडून पाहा. शिवाय नासलेले धुण्याचे काम घरात कोणाच्या अंगावर पडते, हे मी सांगायला नको.

पुढे उपनगरात माझे काम निघाले, तेव्हा तिथे जी घरे खोल्या भाड्याने देतात त्यांना हाच प्रश्न विचारत फिरलो. ज्यांचे पाहुणे आपल्याकडे येतात, ती माणसे स्वतःच्या घरी परक्या पाहुण्याचे काय करतात, हे पाहावे म्हटले.

आपल्या बाजूने रेल्वेने जाताना ठाण्यानंतरचे पहिले स्टेशन मुलुंड. मुंबई महापालिकेची हद्द इथे सुरू होते. साष्टीच्या या बेटावर पूर्वी भातखाचरे होती. आता खाचरांच्या जागी इमारती आहेत. अशा एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई राहतात. मुले परदेशी, म्हणून एक खोली त्या पाहुण्यांना देतात. कधी दवाखान्यात कोणाला ठेवलेले असते त्याचे नातेवाईक, कधी परीक्षेला आलेली मुलगी आणि तिचा बाप. त्यांना मी गादीचे विचारले, तर त्यांनी मला पलंगच उलगडून दाखवला.

वर चादर. चादरीखाली जाड सुती पलंगपोस. त्याच्या खाली मेणकापड, आपल्याकडे तान्ह्या बाळाखाली घालतात तेच, फक्त आकाराने मोठे आणि चारी कोपऱ्यांना इलॅस्टिक लावलेले. त्याच्या खाली गादीची चेन लावलेली खोळ, आणि सगळ्यांत आत गादी. उशीचेही तसेच, अभ्र्याच्या आत आणखी एक अभ्रा.

"भाऊ, पाहुणा माझ्या गादीला कधी शिवतच नाही," बाई म्हणाल्या. "तो झोपतो ते माझ्या धुण्यावर."

मला हे पटायला वेळ लागला नाही, कारण त्यामागची अडचण समोर दिसत होती. गादी भिजली तर त्या ती वाळवणार कुठे? खिडकीबाहेर चार सळ्या, गच्चीला कुलूप, आणि किल्ली सोसायटीकडे. जून ते सप्टेंबर तर ऊन दिसतच नाही. कापसाची गादी आतून ओली राहिली की तिला बुरशी धरते, वास बसतो आणि मग ती फेकावीच लागते. आपल्याकडे अंगण आहे, ऊन आहे, म्हणून आपण निर्धास्त राहतो. पावसाळ्यात भंडारदऱ्याला नाहीतर माळशेजला येणारी माणसे आपल्याही घरी भिजलेल्या कपड्यांनीच येतात, हे विसरून चालत नाही.

पण बाईंची खरी हुशारी मेणकापडात नव्हती. त्यांनी खोलीच्या दाराआड मराठीत आणि हिंदीत हाताने लिहून ठेवले आहे: अंथरुणावर काही सांडले तर रात्रीही हाक मारा, पैसे पडणार नाहीत. लपवलेले सापडले तर मात्र भरून घेऊ. मी विचारले, पैसे पडणार नाहीत असे का? त्या म्हणाल्या, "आधी मी दंड लिहिला होता. तर लोक डाग पडला की चादर उलटी करून घालायचे. एकाने तर गादीच उलटली. मला कळलं आठ दिवसांनी, वासानं."

ही गोष्ट मी वहीत लिहून घेतली. ताजा डाग हा बादलीभर पाण्याचा खर्च असतो. वाळलेला, दडवलेला डाग हा गादीचा खर्च असतो. दंडाची पाटी लावली की पहिल्याचा दुसरा होतो.

पुढे घाटकोपर. इथे एका जुन्या चाळीतल्या कुटुंबाने शेजारची खोली घेऊन ती भाड्याने लावली आहे. घरच्या आजी मूळच्या साताऱ्याकडच्या. डागांच्या बाबतीत त्यांच्याइतके जाणणारे माणूस मला भेटलेले नाही. त्यांचे सांगणे, आणि त्यात माझ्या शिक्षणाने पडलेली थोडी भर, अशी: रक्ताच्या डागाला कधीही गरम पाणी लावू नये. उष्णतेने रक्तातली प्रथिने गोठतात आणि डाग धाग्यात पक्का बसतो. थंड पाण्यात मीठ घालून भिजवावे. तेलाचा डाग असेल तर पाण्याआधी त्यावर बेसन किंवा खडूची पूड दाबून ठेवावी, तेल ती ओढून घेते. लहान मुलाने अंथरूण ओले केले तर घासू नये, कोरडे फडके दाबून दाबून ओल टिपावी, मग व्हिनेगर घातलेल्या पाण्याने पुसून उन्हात टाकावे. मेंदीचा आणि केस काळे करण्याच्या रंगाचा डाग जात नाही, त्यावर हात दुखवून घेऊ नयेत. ती चादर घरच्या वापराला घ्यावी.

आणि हळद. आपल्या घरी राहणाऱ्या पाहुण्याच्या हातून सर्वांत जास्त सांडतो तो रस्सा. हळदीच्या डागावर साबण घासला की तो एकदम लाल होतो आणि नवखी माणसे घाबरतात. घाबरण्याचे कारण नाही. चुना आणि हळद मिळून कुंकू होते, तोच प्रकार. साबण धुऊन काढला की लाली जाते, आणि राहिलेला पिवळा डाग कडक उन्हात ठेवला की विटत जातो, कारण हळदीचा रंग उजेडाला टिकत नाही. हे औषध घाटकोपरला महाग आहे, आपल्याकडे फुकट.

घाटकोपरहून अंधेरीला आता मेट्रोने जाता येते. ही मुंबईतली पहिली मेट्रो, ८ जून २०१४ ला सुरू झाली. अंधेरीला विमानतळ जवळ, कारखाने आणि कचेऱ्या जवळ, त्यामुळे खोल्या देण्याचा धंदा इथे पक्का आणि कागदोपत्री. तिथले गृहस्थ भावनेत पडत नाहीत. पाहुणा येण्याआधी बिछान्याचे फोटो, गेल्याबरोबर पुन्हा फोटो, आणि दुसरा पाहुणा आत येण्याआधी जे काय ते बोलून मिटवायचे. एकदा दुसरा पाहुणा झोपून उठला की डाग कोणाचा, हे देवालाही सांगता येणार नाही. हे घेण्यासारखे आहे. फोटोला पैसे पडत नाहीत.

अनामत रकमेबद्दल एक गोष्ट आपल्या लोकांनी ध्यानात ठेवावी. "डाग पडल्यास पाच हजार" असे लिहून घेतले म्हणून पाच हजार मिळतातच असे नाही. भारतीय करार कायदा १८७२, कलम ७४ प्रमाणे करारात रक्कम लिहिलेली असली तरी मिळते ती वाजवी भरपाई, आणि ती लिहिलेल्या रकमेच्या वर जात नाही. वाजवी म्हणजे काय, हे शेतकऱ्याला शिकवायला नको. म्हातारा बैल मेला तर आपण खोंडाची किंमत सांगत नाही. आठ वर्षे चालणारी गादी चौथ्या वर्षी गेली तर निम्मी किंमत मागावी. चादर विरली, अभ्र्याचा रंग उडाला, ही झीज आहे. तिचे पैसे भाड्यातच आले, ते पुन्हा मागू नयेत.

बोरिवलीला मी एका वेगळ्याच खोलीत गेलो. पूर्वेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे फाटक आहे, तिथून आत डोंगरात कान्हेरीची लेणी. (सोमवारी उद्यान बंद असते, जाणाऱ्यांनी वार पाहून जावे.) काळ्या दगडात कोरलेल्या शंभराहून अधिक गुंफा आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याचशा राहण्याच्या खोल्या. आत दगडातच कोरलेला ओटा, तोच भिक्षूचा पलंग. बाहेर पाण्याचे टाके. जुन्या शिलालेखांत त्याला 'पोढी' म्हटले आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीपासून कित्येक शतके भिक्षू इथे वर्षावासाला येत, राहत, आणि पुढे जात. त्यांच्या खर्चासाठी शेते दान दिलेली असत. एका शिलालेखात मंगलठाण गावातल्या शेताचा उल्लेख आहे. अभ्यासक ते गाव म्हणजे आजचे मागाठाणे धरतात. तिथे आता त्याच नावाचे मेट्रो स्टेशन आहे.

दगडी ओट्याला नासण्याची भीती नाही. पण भिक्षूंच्या विहारांत खाटा, गाद्या, उशा असत, आणि त्या संघाच्या, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक असत. परक्या माणसाने सामाईक अंथरूण वापरायचे, तर नासधूस होणारच. विनयपिटक या पाली ग्रंथात त्याचे नियम दिलेले आहेत. बाहेरून येणाऱ्याला तिथे शब्द आहे 'आगंतुक', आपल्या तोंडातलाच. न धुतलेल्या किंवा ओल्या पायांनी अंथरुणावर चढू नये. संघाच्या गादीवर थेट झोपू नये, आपले कापड वर पसरावे. बसायचे कापड झोपायला अपुरे पडू लागले, तेव्हा हवे तेवढे मोठे कापड वापरायची मोकळीक दिली. मुलुंडच्या बाईंचे मेणकापड ते हेच. आणि संघाची खाट, गादी उघड्यावर मांडून जो भिक्षू ती न उचलता निघून गेला, त्याला दोष लागे. मात्र त्याने स्वतः उचलली, दुसऱ्याकडून उचलवली, किंवा कोणाला तरी सांगून निघाला, तर दोष नाही. दोष आहे तो न सांगता जाण्याचा. त्या ओट्यावर बसून मला मुलुंडच्या दारामागची चिठ्ठी आठवली.

आता आपल्या घरचे दोन विषय राहिले, आणि दोन्ही जड आहेत.

पहिला ढेकणांचा. प्रवासी माणसाच्या पिशवीतून ढेकूण घरोघर फिरतो. त्यात पाहुण्याची लाज काढण्यासारखे काही नाही. उपाशीपोटी तो कित्येक महिने जगतो, म्हणून खोली रिकामी ठेवून जात नाही. तो आणि त्याची अंडी ५० अंशांच्या वरच्या उष्णतेला टिकत नाहीत. चादरी, अभ्रे उकळत्या पाण्यातून काढावेत, खाटेच्या सांध्यांत उकळते पाणी ओतावे. नुसत्या उन्हात टाकलेल्या गादीचा गाभा तेवढा तापत नाही, ढेकूण सावलीच्या बाजूला सरकतो. एवढ्यावर विसंबू नये. आणि हे मी हात जोडून सांगतो: शेतातले कीटकनाशक गादीवर मारू नका. धान्याला लावायच्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या राहत्या खोलीत ठेवू नका. त्यातून सुटणाऱ्या फॉस्फिन वायूने भिंतीपलीकडे झोपलेली माणसेही दगावली आहेत. गादी गेली तर गादी येते.

दुसरा विषय गोधडीचा. शहरातल्या पाहुण्याला गोधडी आवडते, तो मागून घेतो, तिचा फोटो काढतो. पण आजीच्या लुगड्यांची, सासूने टाके घातलेली गोधडी नासली तर भरपाई कशाने करणार? तिला बाजारभाव नाही. म्हणून ती पाहुण्याच्या खोलीत देऊ नये. दाखवावी, आणि पुन्हा पेटीत ठेवावी. पाहुण्यासाठी वेगळ्या गोधड्या शिवाव्यात, त्या वापरायच्या आणि धुवायच्या म्हणूनच, किंवा सोलापुरी चादर द्यावी. तिला कितीही वेळा धुतले तरी ती टिकून राहते.

गाद्या मात्र कापसाच्याच ठेवा असे मी म्हणेन. फोमची गादी आतून नासली की गेली. कापसाची गादी उसवता येते, खराब झालेला कापूस काढून उरलेला पिंजून पुन्हा भरता येतो, नव्या गादीपाटाची खोळ घातली की गादी नवी. धुनकी घेऊन फिरणारा पिंजारी आता क्वचित दिसतो, पण तालुक्याच्या गावी यंत्रावर पिंजून देणारी दुकाने आहेत. पाऊस उघडल्यावर, ऑक्टोबरच्या उन्हात, दिवाळीच्या सुट्टीतले पाहुणे यायच्या आत हे काम उरकून घ्यावे, आणि त्याच फेरीत मेणकापडही आणावे.