ओळखीची किल्ली

घरी अनोळखी पाहुणा आला की आपण विचारतो, "कोण आपण? कुठून आलात?" पाहुणा नाव सांगतो आणि ओळख पटते. पण अंगणात एखादं नवं रोप उगवलं, भिंतीवर कधी न पाहिलेला किडा बसला, तर ते कुठे नाव सांगतात! मग त्यांना ओळखायचं कसं?

शास्त्रज्ञ त्यासाठी 'ओळख-किल्ली' वापरतात. ही किल्ली लोखंडाची नाही बरं का, प्रश्नांची! एका वेळी एकच प्रश्न, त्याची दोनच उत्तरं. एक उत्तर निवडायचं आणि ते सांगेल त्या पुढच्या प्रश्नाकडे जायचं. लामार्क नावाच्या निसर्गशास्त्रज्ञाने १७७८ साली फ्रान्समधल्या वनस्पतींवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात अशीच किल्ली होती.

माझ्या चौथीच्या वर्गाने वड, पिंपळ, कडुनिंब आणि चिंच या चार झाडांची किल्ली तयार केली. ती अशी :

१. एका देठावर एकच पान आहे की पुष्कळ छोट्या पर्णिका? एकच असेल तर प्रश्न २, पुष्कळ असतील तर प्रश्न ३.
२. पानाचं टोक शेपटीसारखं लांब आहे का? असेल तर पिंपळ, नसेल तर वड.
३. पर्णिकेची कड करवतीसारखी दातेरी आहे का? असेल तर कडुनिंब, नसेल तर चिंच.

पोरं एकदम खूष! तेवढ्यात एकीने उंबराचं पान आणलं. किल्लीने उत्तर दिलं, वड! "बाई, किल्ली खोटं बोलते!" ती म्हणाली. मी म्हटलं, "खोटं नाही गं. तिला चारच झाडं ठाऊक आहेत. पाचवं आणलंस तरी ती त्या चारांतलंच नाव सांगणार." म्हणूनच किल्लीचं उत्तर मिळालं की शास्त्रज्ञ थांबत नाहीत. पुस्तकातलं पूर्ण वर्णन वाचतात, संग्रहातल्या वाळवलेल्या नमुन्याशी ताडून बघतात आणि मगच नाव लिहितात.

हा धडा पावसाळ्यात उपयोगी पडला. शाळेजवळच्या एका घराच्या पडवीत साप निघाला. तपकिरी अंगावर पांढरे पट्टे. "पट्टे आहेत म्हणजे मण्यारच!" असं म्हणत माणसं काठ्या घेऊन धावली. बघा हं, ही सुद्धा किल्लीच झाली, पण एकाच प्रश्नाची! सुदैवाने कुणीतरी सर्पमित्राला बोलावलं होतं. सगळ्यांना लांब उभं करून त्याने साप बरणीत घेतला. तो निघाला बिनविषारी कवड्या. कवड्याचे पट्टे मानेजवळ ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे पट्टे बहुधा जोडीजोडीने असतात, मानेच्या बरेच मागून सुरू होतात आणि शेपटीकडे स्पष्ट दिसतात. शिवाय तिच्या पाठीच्या मधोमध मोठ्या षटकोनी खवल्यांची रांग असते.

दुसऱ्या दिवशी वर्गात एकाने हात वर केला. "बाई, मग पट्टेवाला साप दिसला तर कवड्या समजून जवळ जायचं का?"

किती महत्त्वाचा प्रश्न! उंबराला वड म्हटलं तर कुणाचं काही बिघडत नाही. कवड्याला मण्यार म्हटलं तर बिचारा साप मरतो. पण मण्यारीला कवड्या म्हटलं तर माणूस मरू शकतो. तिचा दंश पुष्कळदा रात्री झोपेत होतो आणि फारसा दुखतही नाही. शिवाय काही सापांवर पट्टे फिके असतात, काहींवर नसतातच. तेव्हा आपल्यासाठी नियम एकच : साप कोणताही असो, लांब राहायचं, मोठ्यांना सांगायचं, सर्पमित्राला बोलवायचं. आणि साप चावलाच तर त्याला मारत बसायचं नाही, तडक दवाखाना गाठायचा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर एकच प्रतिविष दिलं जातं, त्यामुळे साप मारून न्यायची गरज नसते.

आता नवी साधनंही आली आहेत. मोबाईलवर फोटो दिला की नाव सुचवणारी ॲप आहेत. कॅनडातल्या पॉल हेबर्ट यांनी २००३ साली 'डीएनए बारकोड'ची कल्पना मांडली. प्राण्याच्या छोट्याशा तुकड्यातल्या डीएनएची सुमारे ६५० अक्षरं वाचायची आणि ती साठवलेल्या यादीशी जुळवायची. पण यादीत तो प्राणीच नसला तर? उंबराच्या पानाची गोष्ट आठवा!

या रविवारी घराजवळची पाच पानं गोळा करा आणि त्यांची किल्ली बनवा. मग आई-बाबांना मुद्दाम सहावं पान आणायला सांगा. किल्लीचं उत्तर पटलं नाही, तर वहीत 'अजून ओळखलं नाही' असं लिहा आणि शेजारी पानाचं चित्र काढून ठेवा.