आधी दगड, मग मासे

समुद्री मासे पाळणाऱ्याकडे मोठी टाकी आली की येणारा-जाणारा विचारतो, "मासे कधी सोडणार?" प्रश्न रास्त आहे. पण टाकी बदलायची वेळ येते तेव्हा माझ्या यादीत मासे अगदी तळाला असतात. पहिला मान दगडांचा.

आमच्या छंदात ज्याला लाइव्ह रॉक म्हणतात तो मूळचा मेलेल्या प्रवाळाचा सच्छिद्र सांगाडा. माझ्याकडचे दगड सिरॅमिकचे आहेत, त्याचं कारण पुढे सांगतो. दगड कसलाही असो, त्याच्या भोकाभोकांतून वसलेल्या जिवाणूंवर सगळा संसार चालतो. माशांच्या कल्ल्यांतून अमोनिया सुटतो, उरलेलं खाणं कुजून त्यात भर पडते. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्रेट. दगडाच्या पोटात जिथे प्राणवायू पोचत नाही, तिथले आणखी वेगळे जिवाणू त्या नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून सोडून देतात. जकार्ताच्या ली चिन एंग यांनी १९६१ साली याच भरवशावर टाक्या चालवण्याची पद्धत मांडली होती: जिवंत दगड, हवेचे बुडबुडे आणि ऊन. आज पंपांची आणि स्किमरची गर्दी झाली तरी पाया तोच आहे. विरजणाचा चमचा जे काम करतो ते नव्या टाकीत जुना दगड करतो.

म्हणून "जुनं पाणी जपून ठेवा" हा सल्ला मला अर्धवट वाटतो. पाण्यात तरंगणारे जिवाणू अगदी थोडे. निम्मं जुनं पाणी मीही वापरतो, पण ते मीठ महाग आहे म्हणून. नवं पाणी आरओचं घेतो, त्यात मीठ आदल्या दिवशीच विरघळवून ठेवतो आणि खारेपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर १.०२५ आल्याशिवाय पुढे जात नाही. मुंबईत राहून समुद्राचं पाणी का आणत नाही, असं विचारणाऱ्यांनी एकदा ओहोटीला किनाऱ्यावर उभं राहून नाक उघडं ठेवावं.

वाळूचे मात्र अजिबात लाड करू नयेत. जुन्या वाळूच्या तळाशी काळा थर असतो. तो ढवळला की सडक्या अंड्याचा वास येतो. तो हायड्रोजन सल्फाइड, माशांना विष. वाळू मी सरळ नवी घालतो. टाकी बदलेपर्यंत दगड मात्र टबात, पाण्याखाली, पंप आणि हीटर चालू ठेवून. त्यांच्यावर स्पंज असतील तर ते हवेत काढायचेच नाहीत. अंगात हवा अडकली की स्पंज कुजायला लागतो.

मग प्रवाळ. बटणांसारखे रंगीत झोअँथिड काढताना हातमोजे आणि चष्मा हवाच. त्यांच्यातल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन असतं, निसर्गातल्या जहाल विषांपैकी एक. नको असलेले झोअँथिड मारायला दगडावर उकळतं पाणी ओतलं आणि वाफेने घरातले सगळे आजारी पडले, असे प्रकार घडलेले आहेत. लेदर कोरल तेवढं बाधत नाही, नुसतं रुसतं. नव्या जागी ते आक्रसतं, अंगावर मेणचट चकचकीत पापुद्रा येतो, बोंडं सगळी आत. मेलं म्हणून उचलून फेकायचं नाही. प्रवाह जरा वाढवावा. काही दिवसांनी पापुद्रा फाटून वाहून जातो आणि खाली ताजं अंग दिसतं. नव्या एलईडीच्या उजेडाशी मात्र खेळ नको. प्रवाळाच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवालं त्याला अन्न पुरवतात. झगझगाट सोसला नाही की प्रवाळ त्यांना बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. दिवा मंद ठेवून आठवड्या-आठवड्याने वाढवावा.

माझ्याकडचे प्रवाळ दुसऱ्या हौशी मंडळींच्या टाकीतल्या तुकड्यांपासून वाढवलेले आहेत. मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहेत, १९८७ पासून तिथे सागरी अभयारण्य आहे. पण आपल्याकडचे कठीण प्रवाळ २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या रांगेत आहेत. किनाऱ्यावर सापडलेला पांढरा तुकडाही खिशात घालायचा नाही. सिरॅमिकचे दगड त्यासाठीच.

आता मासे. पाणी वीतभर उरेपर्यंत त्यांच्यामागे जाळी घेऊन धावण्यात अर्थ नाही. टँगला तर जाळी दाखवूच नये. त्याच्या शेपटीजवळचा धारदार काटा अडकतो आणि मासा स्वतःला फाडून घेतो. त्याला प्लास्टिकच्या डब्यात हाकलावा. पाण्याचं तापमान आणि खारेपणा दोन्हीकडे सारखा असेल तर तासभर थेंब-थेंब पाणी पाजत बसायची गरज नाही. लांबून पिशवीत आलेल्या माशाचं गणित निराळं. पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पाण्याचा सामू उतरलेला असतो, त्यामुळे अमोनिया निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडली की वायू उडतो, सामू चढतो आणि तोच अमोनिया जाळायला लागतो. अशा माशाला जास्त वेळ त्या पाण्यात ठेवणं म्हणजे काळजीपोटी त्रास देणं.

क्लाउनफिशची जोडी एकत्रच न्यावी. मोठी ती मादी. ती गेली तर नर स्वतःच मादी होतो. डॅमसेलसारखे दांडगट सर्वांत शेवटी, नाहीतर ते आल्या आल्या कोपरे वाटून घेतात आणि मागून येणाऱ्याला टिकू देत नाहीत.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. मोठी टाकी घेतलीत म्हणून जुनी लगेच विकू नका. एखादा दगड आणि छोटा पंप ठेवून ती महिनाभर चालू असू द्या आणि नव्या टाकीतला अमोनिया रोज तपासा. शून्याच्या वर गेला तर मासे हलवायला जागा लागते. दिवाणखान्यात दोन टाक्या कशाला म्हणून घरचे कुरकुरतील, कुरकुरू द्या.