कणा नसलेला मजूर

कणा नसलेल्या माणसाला आपण दुबळा समजतो. परंतु परमेश्वराने निर्मिलेल्या प्राण्यांच्या बहुतांश जातींना पाठीचा कणा नाहीच. खेकडा कवचाचे चिलखत ल्याला आहे, गोगलगाय पाठीवर घर वाहते, कोळ्याला आठ पाय, मुंगीला सहा. गांडुळाला मात्र ना हाड, ना पाय, ना डोळे!

तरीही त्याची रचना पाहून मन थक्क होते. शरीर कड्याकड्यांचे, त्यांवरील बारीक काट्यांनी ते मातीत पकड घेते. फुप्फुसे नाहीत, म्हणून ओलसर त्वचेनेच श्वास घेते. दात नाहीत; गिळलेला कुजका पाला पोटातल्या स्नायूंच्या जात्यात दळला जातो व सकस माती होऊन बाहेर पडतो. त्याच्या बिळांतून हवा आणि पाणी मुळांपर्यंत पोहोचते. इंग्लंडातील पुष्कळ भागांत गांडुळे दर एकरी वर्षाला दहा टनांहून अधिक माती वर आणतात, असे चार्ल्स डार्विनने १८८१ च्या आपल्या ग्रंथात नोंदविले आहे.

आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध शेतकरी मला म्हणाले, “फादर, हल्ली नांगरामागे गांडुळे दिसत नाहीत, बगळेही येत नाहीत.” ते शब्द माझ्या मनातून जाईनात. विषारी औषधांचा अतिरेक झाला की किडीबरोबर हा मजूरही मरतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात सृष्टीच्या सुस्थितीसाठी कृमिकीटकांचीही गरज सांगितली आहे.

बंधुभगिनींनो, शेणखत घाला, औषध मोजूनमापून वापरा. रोजची भाकर देवाजवळ मागताना, ती पिकविणाऱ्या या मुक्या मजुराला जगू द्या.