सात लग्नं, एक विहीर आणि चार दिवस उशिरा झालेली सबकेन



दोन महिने पानावर काही लिहिलं नाही. बऱ्याच जणांनी विचारलं, खरड छाटणीनंतरचं वेळापत्रक यंदा का टाकलं नाही? खरं सांगायचं तर यंदा उन्हाळ्यात आम्ही घरात कमी आणि मांडवात जास्त होतो. आज फवारणीचं, विद्राव्य खताचं फार काही नाही. पण शेततळं असलेल्यांनी शेवटपर्यंत वाचा, एवढी विनंती.

आधी घरातली माणसं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. मी, मंडळी, चौथीतली पोरगी, पहिलीतला पोरगा, आई आणि माझा धाकटा भाऊ. वडील जाऊन सहा वर्षं झाली. मिरजेच्या पूर्व भागात अडीच एकर सुपर सोनाका, बाकी हंगामी. म्हैसाळचं पाणी आलं की विहीर भरते, विहिरीतून शेततळं भरून घ्यायचं. धाकटा तेहतीस वर्षांचा. कृषी पदविका झालेला, कलम बांधायला त्याच्यासारखा हात आमच्या शिवारात नाही. लग्न व्हायचंय.

यंदा घरातनंच सात लग्नं होती. मावसभाऊ, मेव्हणा, चुलत बहिणीची नणंद, असं कुठून कुठून नातं निघत जातं. छाटणी 8 एप्रिलला उरकली. दोन आठवड्यांनी विरळणी, मग नऊ पानं झाली की सात पानांवर शेंडा मारायचा. याच दिवसांत सगळ्या तिथी येऊन बसलेल्या. दरवर्षी मी एकटा जाऊन आहेर देऊन, टॉवेल-टोपी घेऊन परत यायचो. मंडळी अक्षतांपुरती. यंदा ती म्हणाली, "अहो, लग्नाला दहा वर्षं झाली, एका हळदीला मी रात्री थांबलेली नाही. माझ्या भावाचं लग्न आहे, मी चार दिवस आधी जाणार."

बरोबरच होतं तिचं. धाकटा म्हणाला, "दादा, तू जा. वहिनीला ने, पोरांना ने. बागेचं मी बघतो." त्याला लग्नाला जायचंच नसतं. दोन वर्षांपासून तो कुठल्याच मांडवात येत नाही. कारण ज्याच्या घरात असं पोरगं आहे त्याला सांगायला नको. मांडवात गेलं की पहिला प्रश्न, "धाकट्याचं काय मग?" दुसरा प्रश्न, "नोकरीचं बघितलं नाही का कुठं?" मुलीकडच्यांना पुण्यात नोकरी पाहिजे आणि वर गावाकडं पाच एकर बागायतही पाहिजे. पण त्या पाच एकरांत राबणारा नवरा नको. यात मुलींना मी दोष देत नाही. माझी पोरगी उद्या मोठी झाल्यावर तिला मी द्राक्षवाल्याला देईन का, हा प्रश्न मंडळीनं मला विचारला तेव्हा मी पाण्याची मोटर बघायला उठलो होतो.

तर एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मेव्हण्याचं लग्न. मुहूर्त 12 वाजून 35 मिनिटांचा, अक्षता पडल्या दोनला. नवरदेव डीजेपुढं नाचतच होता. वांग्याची भाजी, मसालेभात, जिलेबी. पोरगा जिलेबीच्या पंगतीतनं उठेना. मी फेटा बांधून पाव्हण्यांत बसलेलो. आवाजात फोन ऐकू येत नाही म्हणून खिशातच होता. फोन आला असता तरी कळला नसता. पण आलाच नाही.

त्याच दुपारी शेतात काय झालं, ते आम्हाला दोन दिवसांनी कळलं.

आमचा कुत्रा शेततळ्यात पडला. तळं चौतीस बाय चौतीस मीटर. उन्हाळ्यानं पाणी निम्म्याच्या खाली गेलेलं आणि उघड्या पडलेल्या कागदावर शेवाळ. तळ्याला कुंपण आहे, पण दाराची खालची जाळी वाकलेली होती. "करू पुढच्या आठवड्यात" म्हणून मी ती दोन महिने तशीच ठेवलेली. कुत्रं गोल गोल पोहतंय, कागदावर नखं मारतंय, परत घसरतंय. धाकटा ठिबकची जुनी लॅटरल कुंपणाच्या खांबाला बांधून तिला धरून उतरला. लॅटरल सुटली.

विहिरीत तो लहानपणापासनं उड्या मारतो, पोहण्याला तोड नाही. पण कागदाच्या तळ्यात पोहता येण्याचा उपयोग फक्त बुडायला वेळ लागण्यापुरता, हे त्याचे शब्द. विहिरीला पायरी असते, कपार असते, दगडाला बोट अडकतं. इथं हातभर वर चढलं की दोन हात खाली. त्यात कुत्रं भीतीनं त्याच्या खांद्यावर चढत होतं. शेवटी पंपाचा सक्शन पाईप धरून तो थांबला. एका हातात पाईप, एका हातात कुत्र्याचं मानगूट. फोन काठावर, चपलेवर ठेवलेला.

शेजारच्या रिकाम्या रानात मेंढ्या बसवल्या होत्या. त्यातल्या एका म्हाताऱ्या मेंढक्यानं कुत्र्याचं केकाटणं ऐकलं. त्यानं डोक्याचा पटका सोडला, एक टोक खांबाला बांधलं, दुसरं खाली टाकलं. आधी कुत्रं वर आलं, मग भाऊ. पाऊण तास तरी गेला असेल म्हणतो. हे सगळं त्यानं आम्हाला सांगितलं कसं, तर तिसऱ्या दिवशी जेवताना, "वहिनी, पोरांना पोहायला शिकवायला पाहिजे बरं का," अशी सुरुवात करून. आणि हसत. कुत्र्याची दोन नखं गेली म्हणाला. त्याच्या स्वतःच्या दोन्ही कोपरांची सालं निघालेली होती, ती आम्ही द्राक्षाच्या तारेनं खरचटलं असेल असं समजत होतो.

आईनं ताट बाजूला सारलं. मंडळी उठून आत गेली. मला त्या रात्री झोप लागली नाही. ज्या वेळेला तो पाईप धरून उभा होता, साधारण त्याच वेळेला मला एका पाव्हण्यानं विचारलं होतं, "धाकट्याचं काय?" आणि मी म्हणालो होतो, "त्याचं काय, मजेत आहे शेतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं काम तळ्याचं. दाराची जाळी बदलली, कुलूप घातलं, किल्ली आईच्या कमरेला. चारी बाजूंना नायलॉनचा जाड दोर, फूट-फूट अंतरावर गाठी, वरचं टोक कुंपणाच्या खांबाला नाही तर वेगळ्या गाडलेल्या लोखंडी अँगलला. खालचं टोक पाण्यात पार तळापर्यंत, कारण पाणी खाली गेलं की दोर लोंबकळत वर राहतो आणि हाताला येत नाही. दोन बाजूंना दोराच्या शिड्या, ट्रॅक्टरच्या दोन जुन्या ट्यूबा हवा भरून दोराला बांधून पाण्यावर सोडल्या. सगळं मिळून तीन हजारांच्या आत झालं. मायक्रॉन, वॉरंटी, वेल्डिंग, सगळं चार ठिकाणी विचारून मी कागद घेतला होता. माणूस पडला तर वर कसा येणार, हे मी एकाही ठिकाणी विचारलं नव्हतं आणि कुणी आपणहून सांगितलंही नाही. सल्लागार मंडळींना हात जोडून सांगतो, प्लॉटवर गेल्यावर पान उलटून बघता तसं एकदा तळ्याच्या काठालाही जाऊन बघत जा.

पोहण्याचा वर्ग दुसऱ्याच दिवशी सुरू झाला, पायऱ्यांच्या जुन्या विहिरीत. गुरू धाकटा. आम्ही शिकलो तेव्हा पांगिऱ्याचा वाळका बिंडा पाठीला बांधायचे. आता पांगिरा बांधाला राहिलाय कुठं? मग गोडेतेलाचे पाच लिटरचे कॅन, बुचाला मेण लावून. औषधाचे कॅन धुऊनसुद्धा वापरू नका, आधीच सांगतो. पोरगी तिसऱ्या दिवशी कॅनवर तरंगली, दहाव्या दिवशी एक कॅन काढला. पोरगा पायरी सोडेना. काकाच्या गळ्याला मिठी मारून तो चार दिवस फक्त भिजला.

आणि एक दिवस मंडळी पंजाबी ड्रेस घालून पायऱ्या उतरून आली. "मलाही बांधा कॅन." मी इकडंतिकडं बघितलं, बांधावर कोण आहे का. ते तिनं बघितलं. म्हणाली, "तळ्यात पोरगं पडलं तर आधी मी असणार तिथं. तुम्ही असणार मांडवात." यावर काय बोलणार? तिला श्वास धरायला आठवडा गेला, पण एकदा पाय मारायचं कळल्यावर ती थांबेना. आता दुपारची भांडी झाली की तिचं लक्ष विहिरीकडं. आई वरच्या कठड्यावर बसून सगळ्यांना ओरडते. तीच आमची सुरक्षा समिती. आई काठावर नसेल तर कुणी पाण्यात उतरायचं नाही, हा नियम.

पोरीला दुसरा नाद लागला पाखरांचा. तिच्या मामानं लग्नात दिलेली वही तिनं पाखरांना दिली. वेडा राघू, कोतवाल, सुगरण, मुनिया, टकाचोर, तारीख आणि ओळ नंबरासकट. चौदाव्या ओळीत ओलांड्यावर बुलबुलाचं घरटं सापडलं, तर फवारणीचा ब्लोअर त्या ओळीला बंद करायला लावला. मी केला. पाच झाडांनी काय होतंय? पाठीवरच्या पंपानं लांबनं मारून घेतलं. तीन पिलं उडाली.

आता सबकेनचं.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात नऊ पानं भरली. त्याच आठवड्यात कोकणातलं लग्न, रत्नागिरीजवळ. जोडून गणपतीपुळ्याला दोन दिवस राहायचं, पोरांनी समुद्र बघितलेला नाही. धाकटा नेहमीप्रमाणं म्हणाला, "मी बघतो बागेचं." मंडळी म्हणाली, "भावजी, तुम्ही गाडीत बसणार असाल तर आम्ही जाणार." मी त्याला म्हणालो, चल. तो म्हणाला, शेंडा? मजूरही लग्नातच होते, नाहीतरी दोन दिवस जाणारच होते. चार दिवस. पाण्याला आणि जनावरांना शेजारच्याला सांगितलं, आईनं घर धरलं, आणि बाग तशीच सोडून आम्ही आंबा घाटानं खाली उतरलो. द्राक्षवाल्याला विचारा, हे किती जड असतं. पन्हाळ्याचा फाटा येईपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही.

समुद्रात पोरगा पहिल्यांदा काकाचा गळा सोडून उभा राहिला. खोल नाही, गुडघाभरच. तिथल्या समुद्राला ओढ आहे, पोहायला येतंय म्हणून आत जायचं नाही, हेही काकानंच बजावलं. परतीला एका बागायतदाराकडं थांबलो. जांभ्याच्या कातळात खड्डा फोडून, बाहेरची माती आणून भरून लावलेला हापूस. आम्ही काळ्या जमिनीचे लोक, बघत राहिलो. त्याच्याकडं रत्नाची झाडंही होती. दापोलीच्या विद्यापीठानं नीलम आणि हापूसचा संकर करून काढलेली जात, तिच्यात साका होत नाही. धाकटा आणि तो बागायतदार कलमावर दोन तास बोलत बसले. "धाकट्याचं काय" हे त्या माणसानं विचारलं नाही. त्यानं विचारलं, "पाचर कलमाला काडी किती महिन्यांची घेता?"

परत आलो तर बाग अकरा-बारा पानांवर. काही काड्या तारेच्या बाहेर लोंबत होत्या. दुसऱ्या दिवशी पहाटेपासनं आम्ही तिघं आणि सहा बायका, दोन दिवसांत शेंडा मारून घेतला. उशिरा शेंडा म्हणजे काडीत जोर वाया गेला, पुढची पाच पानं मागं पडली. साधारण चाळीस ते साठ दिवसांत डोळ्यात घड धरतो. तेव्हा नेमकं वळवाचं आभाळ आलं, ते वेगळंच. पालाश सुरू आहे, दाटी कमी करून डोळ्यावर ऊन पडेल असं केलंय. सप्टेंबरात काडी तपासायला देणार. घड कमी निघाले किंवा गोळीघड दिसले तर आकड्यासकट इथंच लिहीन, लपवणार नाही. मंडळी म्हणते, चार दिवसांचा हिशोब लिहिणार असाल तर दोन्ही बाजूंचा लिहा.

सातवं लग्न गेल्या आठवड्यात झालं, गावातच. धाकटा आला. पंगतीत वाढायला उभा राहिला. दोघांनी विचारलंच. तो म्हणाला, "पोहायला शिकवतोय सध्या." खोटं नाही. वाडीवरची अकरा पोरं येतात आता त्याच्याकडं, चार मुली धरून. कॅन आपापला आणायचा.

शाळा सोमवारी उघडते. पोरीचे दोन्ही कॅन सुटलेत. पोराचा एक राहिलाय. मंडळी विहीर आडवी पार करते, उभी अजून नाही.

तळ्याच्या दोराचे, गाठींचे आणि गाडलेल्या अँगलचे फोटो खाली टाकलेत. कुणाला बघायला यायचं असेल तर या, गाठ कशी मारायची ते धाकटा दाखवेल. फक्त तीन ते पाच येऊ नका, तो पाण्यात असतो.