एक घनफूट पाणी

डॅलसच्या आसपासची माती काळी आहे. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, पावसात ती फुगते आणि घरांचे पाये उचलते. मी सोलापूर भागात रस्त्याच्या कामावर सॉइल लॅब सांभाळलेली, त्यामुळे ही माती बघताक्षणीच ओळखीची वाटली. टेक्सासची राज्यमृदा ‘ह्यूस्टन ब्लॅक’ आणि आपली कापसाची काळी, दोन्ही व्हर्टिसॉल या एकाच गटातल्या. इथे नव्याने शिकायचे होते ते आकडे.

कामावर रुजू झाल्यावर हातात आलेल्या रिपोर्टमध्ये मातीची ड्राय डेन्सिटी ९५ लिहिलेली होती. काळी माती म्हणजे दीड ग्रॅम पर सीसीच्या आसपास, हे माझ्या हाडात बसलेलं. इथले ९५ म्हणजे पाउंड प्रति घनफूट. साइटवर सगळे ‘पीसीएफ’ म्हणतात. ग्रॅम पर सीसीला ६२.४ ने गुणायचं हे मला पाठ होतं, पण ते ६२.४ येतात कुठून, हे मुळातून बघावंसं वाटलं. फूट ०.३०४८ मीटरचा, म्हणजे घनफुटात २८.३२ लिटर. तेवढं पाणी २८.३२ किलो भरतं. पाउंड ०.४५३६ किलोचा. भागाकार ६२.४. म्हणजे हा गुणक निव्वळ घनफूटभर पाण्याचं पाउंडातलं वजन आहे! तेव्हापासून पीसीएफचा कुठलाही आकडा दिसला, की आधी तो पाण्याच्या किती पट आहे ते बघतो. ९५ म्हणजे दीडपट. काळ्या मातीला शोभणारा आकडा. १९५ दिसले, तर तिपटीहून जास्त. मातीचे सुटे कणसुद्धा पाण्याच्या साधारण २.७ पटच असतात, तेव्हा तो रिपोर्ट तिथल्या तिथे परत पाठवावा.

मला खरा आनंद दिला तो, ठोकून माती किती घट्ट बसते हे मोजणाऱ्या प्रॉक्टर टेस्टने. लॉस एंजेलिसच्या पाणीखात्यातले इंजिनिअर आर. आर. प्रॉक्टर यांनी १९३३ साली ती धरणांच्या भरावासाठी मांडली. माती ज्यात ठोकून भरतात तो अमेरिकन मोल्ड १/३० घनफुटाचा असतो. त्यातल्या मातीचं पाउंडातलं वजन ३० ने गुणलं की ओल्या मातीची घनता पीसीएफमध्ये हजर. आपल्या आयएस २७२० मधला मोल्ड १००० सीसीचा. तिथे ग्रॅमना हजाराने भागलं की झालं. माती ठोकणारा रॅमर इथे ५.५ पाउंडांचा, बारा इंचांवरून पडणारा. आपला २.६ किलोचा, ३१० मिलिमीटरवरून. दोन्हीकडे तीन थर आणि दर थराला २५ ठोके.

साडेपाच पाउंडांचे नीट किलो केले तर २.५ च होतात, आणि बारा इंच म्हणजे ३०५ मिलिमीटर. आपला रॅमर थोडा जड आणि थोडा जास्त उंचीवरून पडणारा का, हे कोडं मी गणिताने सोडवलं. आपला मोल्डही सहा टक्क्यांनी मोठा आहे. घनमीटरमागे मातीला मिळणारी ऊर्जा काढली, तर दोन्हीकडे जवळपास ५९३ किलोज्यूल! सुटसुटीत आकडे घेतले, पण मातीला बसणारा मार तोच राखला. रूपांतर करावं तर असं.

किलोन्यूटन प्रति घनमीटर हे तिसरं माप डिझाइनवाल्यांचं. ते वस्तुमानाचं नाही, वजनाचं. त्यात पाणी ९.८१ आणि आपली माती १५ च्या आत-बाहेर.

आमच्या ऑफिसात लातूरची एक इंजिनिअर नव्याने आली. काटा ग्रॅममध्ये, त्यामुळे तिचं गणित ग्रॅम पर सीसीत आणि रिपोर्ट पीसीएफमध्ये. प्रॉक्टरची कमाल ड्राय डेन्सिटी १.५२ आली होती, तिने रूपांतराआधी १.५ केली.

“दादा, दुसऱ्या दशांशाने एवढं काय बिघडतंय?”

तिला म्हटलं, “दोन्ही आकडे पुढे नेऊन बघ.” १.५२ चे होतात ९४.८ पीसीएफ, १.५ चे ९३.६. साइटवर भरावाच्या थराला या कमाल घनतेच्या ९५ टक्के कॉम्पॅक्शन हवं होतं. टक्क्यांना एकक नसतं, ते दोन्ही देशांत तेच. पण एका हिशेबाने मर्यादा ९०.१ येते, दुसऱ्याने ८८.९. आणि त्या थरावर घनता मोजणाऱ्या गेजने दाखवले होते ८९.५.

“म्हणजे नापास झालेला थर मी पास करत होते,” ती म्हणाली, आणि फोरमनला फोन लावून तिनेच रोलर पुन्हा फिरवायला सांगितला.