डिपर कोणासाठी?

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये आम्हाला क्लच, गिअर, रिव्हर्स सगळे शिकवले गेले. दिवे मात्र कोणी शिकवले नाहीत, कारण शिकवणी दिवसाउजेडीच होती. रात्रीची गाडी आम्ही नंतर नियम वाचून आणि जुन्या ट्रकचालकांना विचारून शिकलो. ट्रकच्या मागे 'यूज डिपर ॲट नाईट' असे रंगवलेले असते. कारवाल्याला ते आपल्यासाठी आहे असे वाटतच नाही!

नियम साधे आहेत. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपर्यंत दिवे लागलेच पाहिजेत. अपर मोकळ्या, अंधाऱ्या रस्त्यासाठी. समोरून वाहन आले की डिपर. पुढच्या गाडीच्या मागे चालतानाही डिपरच, कारण आपला उजेड त्याच्या आरशातून त्याच्याच डोळ्यांत जातो. घाटातल्या धुक्यात अपर लावला तर उजेड धुक्यावरून परत फिरतो आणि आपल्यालाच दिसेनासे होते. पार्किंग लाईट हा हेडलाईटला पर्याय नाही. हॅझार्ड बंद पडलेल्या गाडीसाठी आहे. पावसात चालत्या गाडीला तो लावला, तर आपण कुणीकडे वळणार हे मागच्याने ओळखायचे कसे?

यावर ठरलेला युक्तिवाद येतो : "समोरचा अपर सोडत नाही, मग आम्हीच का सोडायचा?" हा युक्तिवाद मुळातच फसवा आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर जाते. समोरची गाडीही त्याच वेगात असेल तर दोघांमधले अंतर सेकंदाला ३३ मीटरने घटते. अशा वेळी दोघेही आंधळे झाले तर जिंकले कोण?

आणि समोर दरवेळी गाडीच असते काय? कारखान्याच्या हंगामात उसाच्या बैलगाड्या रात्री रस्त्यावर असतात. पाळी संपवून सायकलवर घरी जाणारा कामगार असतो. बाजाराहून चालत परतणारी बाई असते. गाडीवाला निदान अपर मारून आपला निषेध नोंदवू शकतो. यांच्या हातात कोणते बटण आहे? आपल्या उजेडाने ते दिपतात आणि रस्त्याची कड सोडून खाली उतरतात. रस्ता तर त्यांचाही आहे.

म्हणून नव्या चालकांना आमचे सांगणे आहे की समोरच्याची वाट पाहू नका. पायी माणूस दिसला तरी डिपर द्या आणि वेग कमी करा. ज्याच्याकडे दिवा नाही, त्याचा विचार ज्याच्याकडे आहे त्यानेच करायचा असतो.